सड्यावरचा विभाग बदल, खालचे झरे आणि जबाबदारीचा प्रश्न

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका ग्रामस्थांनी विचारले आहे: गावाच्या माथ्यावरच्या सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) बागायत क्षेत्रात मोडणारी मोठी जमीन वस्ती क्षेत्रात बदलण्याचा प्रस्ताव आला आहे. सड्याच्या पायथ्याशी तीन झरे आहेत. त्यांच्यावर कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) उभी आहेत आणि मार्च-एप्रिलमध्ये वाड्याचे पाणीही त्यांच्यावरच भागते. ग्रामसभेने विरोधाचा ठराव एकमताने घेतला. नगरनियोजन खाते सांगते, पाणी हा आमचा विषय नाही. जलस्रोत खाते सांगते, जमिनीचा विभाग आम्ही ठरवत नाही. पंचायत सांगते, सगळे पणजीहून होते. मग जबाबदार कोण, आणि आम्ही नेमके जायचे कुठे?

जमिनीचे नियोजन आणि पाणी या दोन्ही विषयांत मी बरीच वर्षे काम करतो आहे. आधी आराखडे करणाऱ्यांच्या बाजूने केले, आता बहुतेक वेळ आराखड्यांवर हरकती घेणाऱ्या गावांबरोबर जातो. तुमच्यासारखा प्रश्न पेडण्यातून येतो, फोंड्यातून येतो, सासष्टीतून येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिन्ही कार्यालयांनी तुम्हाला दिलेली उत्तरे आपापल्या कायद्यापुरती खरी आहेत, आणि अडचण नेमकी इथेच आहे. कोणत्या जमिनीचा वापर कशासाठी हे ठरवणारा प्रादेशिक आराखडा सर्व्हे क्रमांकावर चालतो, पाणी उतारावर चालते. झरा ज्या निर्णयामुळे आटतो तो निर्णय जे कार्यालय घेते, त्याला झरा तपासण्याची सक्ती नाही. ज्या खात्याला झऱ्याची माहिती आहे, त्याचे मत त्या टप्प्यावर मागितलेच जाईल असे नाही. त्यामुळे ‘जबाबदार कोणते खाते’ असे विचारत राहिलात तर तुम्ही एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर फिरत राहाल. त्याऐवजी चार गोष्टी विचारा: कोणता निर्णय, कोणत्या कलमाखाली, कोणाच्या सहीने, आणि सही करताना त्या अधिकाऱ्यासमोर कोणती माहिती होती. यांची उत्तरे कागदावर असतात, आणि कागदावर आहे तेवढ्याचाच जाब मागता येतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. ती जमीन प्रादेशिक आराखडा २०२१ च्या नकाशात काय दाखवली आहे? बागायत, शेतजमीन, नैसर्गिक आच्छादन, की बांधकाम निषिद्ध उतार? त्या आराखड्यात पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे दोन स्तर आहेत. जंगल, खारफुटी, जलाशय, भातशेती आणि तीव्र उतार पहिल्या स्तरात येतात, बागायत दुसऱ्या स्तरात. २५ टक्क्यांहून अधिक उतार बांधकामासाठी निषिद्ध आहे. २५ टक्के म्हणजे आडव्या शंभर मीटरमागे पंचवीस मीटर चढ. सडा वर सपाट असतो, पण प्रस्तावातल्या सर्व्हे क्रमांकाची कड बहुतेक वेळा उतारावर उतरलेली असते. ही कड नकाशावर समोच्च रेषांसह (सारखी उंची दाखवणाऱ्या रेषांसह) पाहा. शिवाय त्या जागेत झाडी दाट असेल तर खासगी वनाचा प्रश्न येतो. गोव्यात त्यासाठी तीन निकष आहेत: सलग पाच हेक्टर क्षेत्र, ७५ टक्के वनवृक्ष आणि झाडांच्या माथ्यांचे ०.४ घनतेचे छत्र. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कांच्या नोंदीवर) कूळ किंवा इतर हक्काची नोंद आहे का, हेही पाहा. भातशेती असती तर २०२३ चा शेतजमीन हस्तांतरण निर्बंध कायदाही लागला असता. तुमच्या वर्णनावरून ती बागायत आहे, त्यामुळे ते कवच इथे धरून चालू नका.

यानंतरचा मुद्दा अनेकांना धक्का देतो. लोक समजतात की एवढा मोठा प्रकल्प आहे तर जनसुनावणी होणारच, तिथे आपण बोलू. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार खाणीसाठी जनसुनावणी होते. डिचोली तालुक्याने ती जवळून पाहिली आहे. पण इमारती आणि वसाहतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. वीस हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकाम असेल तर पर्यावरण दाखलाच लागत नाही. त्यापेक्षा जास्त असेल तर दाखला लागतो, पण गावाला विचारावे लागत नाही. म्हणजे तुमच्या प्रकरणात गावाला कायद्याने बोलण्याची खरी संधी एकदाच येते, विभाग बदलाच्या वेळी. पुढे जमिनीचे रूपांतरण, तांत्रिक मंजुरी, पंचायतीचा परवाना या पायऱ्या येतात तेव्हा प्रत्येक अधिकारी म्हणतो, ‘जमीन वस्ती क्षेत्रात आहे, आम्ही नाही कसे म्हणणार?’ एवढी ताकद लावायची असेल तर ती या पहिल्या पायरीवर लावा.

या पायरीचा इतिहास थोडा माहीत असावा. २००६ मध्ये आलेल्या प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गोवा रस्त्यावर उतरला आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग चार्ल्स कोरिया यांच्यासारखे वास्तुविशारद असलेल्या कृती दलाने नवा आराखडा केला. त्याचे गाववार नकाशे पंचायतींत लावले गेले, ग्रामसभांनी त्यावर सूचना दिल्या. त्यात त्रुटी होत्या, वाद झाले, २०१२ मध्ये तो बाजूलाही ठेवला गेला. तरी राज्याच्या आराखड्यावर वाड्यावाड्यांत बसून चर्चा झाली, ही गोष्ट मी फार मोलाची मानतो. त्यानंतर मात्र नगर आणि ग्राम नियोजन कायदा १९७४ मध्ये एकेक कलम घुसले. २०१८ मध्ये १६-बी, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९-ए. तिघांचाही परिणाम एकच: आराखडा समग्र न बदलता एकेका अर्जावर, एकेका सर्व्हे क्रमांकापुरता विभाग बदलण्याची वाट उघडली.

१७(२) ‘नकळत झालेल्या चुका’ दुरुस्त करण्यासाठी आणले गेले, आणि त्यात लोकांना आधी विचारण्याची सोयच नव्हती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली आणि त्या कलमाचा अर्थ संकुचित केला. ३९-ए मध्ये मात्र प्रस्ताव प्रसिद्ध करून तीस दिवस हरकती व सूचना मागवण्याची तरतूद आहे. म्हणून तुमचा प्रस्ताव कोणत्या कलमाखाली आला आहे, हे सगळ्यात आधी शोधा. एकाच गावातले दोन प्रस्ताव वेगवेगळ्या कलमांखाली असू शकतात आणि दोघांवरचे उपाय वेगळे असतात. हे कायदे वारंवार बदलतात, म्हणून हरकत लिहाल त्या दिवशी लागू असलेली तरतूद वाचून घ्या.

हरकतीबद्दल बोलतो. एकाच मजकुराची छापील पत्रे, खाली शेकडो सह्या, मजकूर ‘आमचा तीव्र विरोध आहे, गावाचे गावपण नष्ट होईल.’ अशा हरकतींच्या गठ्ठ्यांवर फाइलमध्ये एकच शेरा पडतो: ‘हरकती सर्वसाधारण स्वरूपाच्या आहेत.’ हा शेरा मी इतक्या फाइलींत वाचला आहे की आता तो टाळण्यासाठीच मी हरकत लिहायला शिकवतो. त्या सह्यांमागची तळमळ खरी असते, म्हणूनच ती वाया गेलेली मला पाहवत नाही. सह्या जरूर घ्या. पण त्यांच्या वर अशी एक हरकत असू द्या जिला उत्तर दिल्याशिवाय फाइल पुढे सरकवताच येणार नाही.

अशी हरकत पाण्यापासून सुरू करा, कारण पाण्याची माहिती सरकारपेक्षा तुमच्याकडे जास्त आहे. सडा म्हणजे जांभा दगड. तो सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी आत घेतो. खाली चिकण मातीचा थर लागला की पाणी खाली जायचे थांबते, आडवे वाहते आणि उताराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येते. सड्यावर काँक्रीट पडले, किंवा तळघरासाठी जांभा खोल खणला, की आत जाणारे पाणी कमी होते आणि आडवी वाटही तुटते. पावसाळ्यात तेच पाणी गढूळ लोंढा होऊन व्हाळातून (ओढ्यातून) खाली येते आणि मार्चमध्ये झरा कोरडा पडतो. हे कारण हरकतीत लिहा, पण कारणाबरोबर मोजमापही द्या.

मोजणे अवघड नाही. दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते. झऱ्याचे सगळे पाणी पन्हाळीत किंवा पाइपच्या तुकड्यात घ्या, बादली खाली धरा, भरायला किती सेकंद लागतात ते बघा. तीन वेळा करा, सरासरी घ्या. समजा वीस सेकंद लागले, तर तो झरा सेकंदाला अर्धा लिटर देतो, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे नेहमीचे परिमाण लावले तरी तीनशे वीस माणसांचे पाणी झाले. आता याच कागदावर प्रकल्पाची गरज मांडा. समजा दोनशे घरे, घरात पाच माणसे, तेच परिमाण: रोज १ लाख ३५ हजार लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचे म्हटले तर तेरा-चौदा टँकर. हे पाणी कुठून येणार? तुमच्या भागाला पडोसेच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून पुरवठा असो वा अस्नोड्याच्या, पाणीपुरवठा पाहणाऱ्या खात्याने एवढ्या पाण्याची हमी लेखी दिली आहे का, हे हरकतीत विचारा. हमी नसेल तर पाणी कूपनलिकेतून येणार हे उघड आहे, आणि ती कूपनलिका तुमच्याच झऱ्याच्या डोक्यावर खणली जाईल.

पेडण्यातल्या एका वाड्यावर निवृत्त शिक्षकांनी देवळाजवळच्या झऱ्याची अशी नोंद साध्या वहीत ठेवली होती. तारीख, वेळ, बादली भरायला लागलेले सेकंद, आदल्या दिवशी पाऊस झाला की नाही. प्रत्येक पानाखाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या. वरच्या बाजूला डोंगर कापायला सुरुवात झाली तेव्हा ही वही पुढे आली, आणि जागेची पाहणी करायला आलेल्या अधिकाऱ्याला आपल्या अहवालात झरा ‘अस्तित्वात आहे’ असे लिहावे लागले. त्याआधीच्या कागदांत त्या झऱ्याचा उल्लेखच नव्हता. बेकायदा डोंगरकापणी आणि सखल जमीन भरण्याविरुद्ध नगर आणि ग्राम नियोजन कायद्यातच १७-ए हे कलम आहे. ते बळकट आहे, पण आधी काय होते याचा पुरावा नसेल तर ते कलम लावायला गेलेल्या माणसाच्या हातात फार काही राहत नाही. नोंद आजपासून सुरू करा. प्रस्ताव मंजूर झाल्यावर सुरू केलेल्या नोंदीला ‘आधीची स्थिती’ म्हणता येत नाही.

आता तुमच्या प्रश्नात न आलेला, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. तुम्ही एका प्रस्तावाबद्दल विचारता आहात. त्याच सड्यावर, त्याच पाणलोटात दुसरे प्रस्ताव आहेत का? राजपत्रातल्या प्रत्येक जाहिरातीत गाव, सर्व्हे क्रमांक, चौरस मीटर क्षेत्र, सध्याचा विभाग आणि मागितलेला विभाग हे सारे असते. ते एकत्र मांडण्याचे काम कोणतेही खाते करत नाही, पण तुम्हाला ते एका रविवारी करता येईल. गावाच्या सर्व्हे नकाशाची मोठी छायाप्रत घ्या, प्रत्येक प्रस्ताव रंगवा, झरे, तळी आणि व्हाळ निळ्या पेनाने काढा. एकेक प्रस्ताव दोन-चार हजार चौरस मीटरचा असला की लहान वाटतो. एकत्र रंगवल्यावर अर्धा सडा भरलेला दिसू शकतो. तुकड्यातुकड्याने विभाग बदलत गेले तर मूळ आराखड्याला अर्थ उरत नाही. म्हणून हरकतीत ही मागणी स्पष्ट लिहा: या पाणलोटातल्या सर्व प्रलंबित आणि मंजूर विभाग बदलांचा एकत्रित परिणाम तपासल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

म्हादई नदीच्या पाण्याचा गोवा-कर्नाटक वाद इथे आठवतो. पाणीतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला, त्यात गोव्याच्या वाट्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आले, आणि कर्नाटकाने पाणी वळवू नये म्हणून गोवा अजूनही झगडतो आहे. तो झगडा रास्त आहे. पण डिचोलीतले बरेच झरे वाळवंटी नदीला मिळतात आणि वाळवंटी म्हादईलाच मिळते. सीमेपलीकडच्या नाल्यांसाठी आपण जेवढी कळकळ दाखवतो तेवढी आपल्या सड्यांसाठी दाखवली नाही, तर आपलेच म्हणणे कमकुवत होते. ही गोष्ट मी प्रत्येक ग्रामसभेत सांगतो आणि सांगत राहणार आहे.

इथपर्यंतचे थोडक्यात: कलम शोधा, मुदत मोजा, झरे मोजा, सगळे प्रस्ताव एका नकाशावर आणा, आणि उत्तर द्यावेच लागेल अशी हरकत मुदतीत आवक-जावक शिक्क्यासह द्या. पोच जपून ठेवा.

हरकत दिल्यावर माहिती अधिकार. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असे लिहू नका, तसा अर्ज टोलवायला सोपा जातो. नगरनियोजन खात्याकडे मागा: अर्जदाराने जोडलेला नकाशा, जागेच्या पाहणीचा अहवाल, उताराचे विश्लेषण, फाइलवरील टिपण्या, त्या विषयावर नगरनियोजन मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त, आणि तुमच्या हरकतीवर काय निर्णय झाला व का. फाइल प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क कायद्याने दिला आहे, तो बजावा. छायाप्रतीत न आलेली पाने तिथे दिसतात. बाधित व्यक्तींना प्रशासकीय निर्णयाची कारणे सांगण्याचे बंधन याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे, त्याचा आधार अर्जात लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही तर पहिले अपील. दुसरा अर्ज जलस्रोत खात्याकडे, २००२ च्या भूजल नियमन कायद्याखाली: तुमच्या गावात किती विहिरी व कूपनलिका नोंदलेल्या आहेत, नव्या परवानगीचे अर्ज कोणाचे आहेत, पाणी टँकरने नेण्याची परवानगी कोणत्या विहिरींना आहे. ‘विभाग आम्ही ठरवत नाही’ म्हणून तुम्हाला परत पाठवणाऱ्या खात्याच्या हातात कूपनलिकेची परवानगी आहे. तिथे त्याला जबाबदारी झटकता येत नाही.

न्यायालयाबद्दल दोन गोष्टी नीट लक्षात घ्या, कारण इथे गावांचे पैसे आणि महिने वाया जातात. राष्ट्रीय हरित लवादाकडे ठरावीक कायद्यांखालचीच प्रकरणे जातात: जल कायदा, हवा कायदा, पर्यावरण संरक्षण कायदा, वन संवर्धन कायदा, जैवविविधता कायदा वगैरे. नगर आणि ग्राम नियोजन कायदा त्या यादीत नाही. म्हणून केवळ विभाग बदल चुकीचा आहे असे म्हणायचे असेल तर वाट उच्च न्यायालयाची आहे. पर्यावरण दाखल्याला आव्हान द्यायचे असेल तर लवादाकडे तीस दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळतात, त्यापुढे दार बंद. इतर पर्यावरणीय वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिने आणि वर साठ दिवस. ‘आधी निवेदने देऊ, मग बघू’ यात ही मुदत निघून जाते. निवेदने चालू ठेवा, पण तारीख वहीत लिहून वकिलाशी आधीच बोला.

न्यायालयात काय तपासले जाते हे मोपाच्या प्रकरणातून कळते. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोपा विमानतळाचा पर्यावरण दाखला स्थगित ठेवला. अर्जात आजूबाजूच्या पर्यावरणाची महत्त्वाची माहिती दिली नव्हती आणि तज्ज्ञ समितीने पुरेसा विचार केला नव्हता, हा त्यामागचा मुद्दा होता. जानेवारी २०२० मध्ये वाढीव अटींसह स्थगिती उठली आणि विमानतळ उभा राहिला. म्हणजे न्यायालय प्रकल्प चांगला की वाईट हे सहसा ठरवत नाही. निर्णय घेणाऱ्यासमोर खरी माहिती होती का आणि त्याने ती विचारात घेतली का, हे पाहते. तुमची झऱ्यांची नोंद हरकतीबरोबर फाइलमध्ये गेलेली असेल, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे नंतर कोणालाच म्हणता येणार नाही.

राहिला ग्रामसभेचा ठराव. ‘ग्रामसभा विरोध करते’ एवढ्याने काम भागत नाही, कारण पंचायतीने तो पुढे पाठवला की नाही हेच मुळात कळत नाही. पुढच्या ग्रामसभेत ठराव असा मांडा: अमुक सर्व्हे क्रमांकाच्या प्रस्तावाबाबत पंचायत सचिवांनी सोबतची झऱ्यांची नोंद व नकाशा सात दिवसांत मुख्य नगरनियोजक, जलस्रोत खाते आणि जिल्हाधिकारी यांना पाठवावा आणि पोच पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावी. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने हे झरे लोक जैवविविधता नोंदवहीत घ्यावेत. आणि या सर्व्हे क्रमांकासाठी बांधकाम परवान्याचा अर्ज आल्यास तो मंजुरीपूर्वी ग्रामसभेला कळवावा. ठरावाची प्रमाणित प्रत मागून घ्या. काही पंच नाराज होतील. पण उद्या परवान्यावर सही त्यांचीच असणार आहे, आणि हे त्यांना आज, सगळ्यांसमोर, शांतपणे सांगणे त्यांच्याही हिताचे आहे.

तुमच्या प्रश्नात राजपत्रातली तारीख आणि कलम आलेले नाही. तेवढे कळवलेत तर तीस दिवसांपैकी किती उरले ते पाहून हरकतीचा मसुदा आपण मिळून करू. झऱ्यांची मोजणी मात्र तोपर्यंत थांबवू नका, उद्या सकाळीच सुरू करा.